डावखुऱ्याला कुठली खोली? बडोद्याच्या एका बॅडमिंटन ग्रुपचं प्रकरण

हे प्रकरण एका ट्रिपच्या खोल्यांच्या यादीचं आहे. ऐकायला फालतू वाटेल, पण या यादीवरून चांगला चाललेला ग्रुप पार ढवळून निघाला आणि त्यात खेळ, फिरणं, हॉटेल, लग्न, कायदा सगळंच येऊन गेलं, म्हणून नीट लिहून ठेवतोय. नावं घेणार नाही, ओळख पटेल अशा काही गोष्टी बदलल्यात, आणि ज्यांच्याबद्दल आहे त्या दोघांना विचारूनच लिहितोय.

ग्रुप म्हणजे अकोट्याच्या बाजूला भाड्याचं कोर्ट, सकाळी सहाची बॅच, पंधराएक माणसं. अर्धे मराठी, म्हणजे दांडिया बाजार, रावपुऱ्याचे वाडे सोडून फ्लॅटमध्ये आलेली घरं, बाकीचे गुजराती आणि एक सिंधी जोडपं. खेळून झालं की चहा, रविवारी सेव उसळ, वर्षातून एखादी ट्रिप. बुकिंग माझ्याकडे असतं कारण मला एक्सेल येतं, दुसरी काही लायकी नाही.

यात दोन मुलगे. मुलगे म्हणजे तिशी ओलांडलेली माणसं, पण काकालोकांच्या ग्रुपमध्ये मुलगेच. एक डावखुरा. समोरच्याने सवयीने बॅकहँडला म्हणून टाकलेलं शटल याच्या फोरहँडवर येतं आणि मग विषय संपला. दुसरा सीए, स्मॅश यथातथाच पण नेटवर चलाख. दोघं एका फ्लॅटमध्ये राहतात हे सगळ्यांना माहीत होतं, भाडं वाचतं असं आम्हीच म्हणायचो. सापुताऱ्याच्या आणि माउंट अबूच्या ट्रिपला दोघं एकाच खोलीत राहिले होते, एकाच डबल बेडवर, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळा गोंधळ नेमका याच गोष्टीवरून झाला.

बाहेर कसं आलं ते सांगतो. आमच्यात एक काकू आहेत, स्थळं जमवणं हा त्यांचा बॅडमिंटनपेक्षा आवडता खेळ. डावखुऱ्यासाठी त्यांनी इंदूरचं स्थळ आणलं. त्याने हसून टाळलं, परत टाळलं, काकू काही सोडेनात, मग एकदा चहाच्या गाडीवर तो शांतपणे म्हणाला, "काकू, मला मुलगी बघू नका. आम्ही दोघं एकत्र आहोत, बरीच वर्षं." काकू दोन सेकंद गप्प. मग म्हणाल्या, "अरे मग आधी नाही का सांगायचं, मी त्या लोकांना तुझा नंबर पण देऊन बसले." खरं सांगतो, सगळ्या प्रकरणातली सगळ्यात निरोगी रिॲक्शन हीच होती. बाकी गाडीवर जे उभे होते ते चहात बघायला लागले.

आता यात गंमत अशी की त्याच्या महिनाभरच आधी आमच्यातले बरेच जण कोटंबीच्या नव्या स्टेडियमवर डब्ल्यूपीएल, म्हणजे महिलांची क्रिकेट लीग, बघून आले होते. २०२५ ची स्पर्धा बडोद्यातच सुरू झाली, १४ फेब्रुवारीला, आणि दुसऱ्या दिवशी मुंबई इंडियन्स आणि दिल्लीची मॅच होती ज्यात नॅट सिव्हर-ब्रंटने नाबाद ८० मारल्या आणि तरी मुंबई शेवटच्या बॉलवर हरली. हळहळत परत येताना आमच्यातल्या क्रिकेटवेड्या मुलीने गाडीत सांगितलं की हिचं लग्न कॅथरिन ब्रंटशी झालंय, इंग्लंडची फास्ट बोलर, २०२२ मध्ये झालं, दोघींनी मिळून आडनाव जोडून घेतलं. गाडीतले एक काका म्हणाले, असं होय, खेळते मात्र झकास. संपलं. कुणाला काही त्रास नाही. म्हणजे टीव्हीवरची, इंग्लंडची, ८० मारणारी चालते. आपल्या कोर्टावरचा, आपल्याच डबल्समधला, आपल्याबरोबर टॉवेल शेअर करणारा म्हटलं की पोटात गोळा. याला मी नुसता दुटप्पीपणा म्हणणार नाही, कारण लांबच्या माणसासाठी आपल्याला काहीच बदलावं लागत नाही. जवळच्यासाठी खोल्यांची यादी बदलावी लागते.

तर यादी.

ट्रिप केवडियाची ठरली होती, आता एकतानगर म्हणायचं. बडोद्याहून डभोईमार्गे ९० एक किलोमीटर, स्टॅच्यू ऑफ युनिटी, धरण, रात्री लेझर शो, एक मुक्काम. सगळं ट्विन शेअरिंग, म्हणजे एका खोलीत दोघं. मी जुनीच यादी काढून तारखा बदलल्या, म्हणजे लग्न झालेली जोडपी आपापल्या खोलीत, काकू आणि त्यांची नणंद एका खोलीत, डावखुरा आणि सीए एका खोलीत, एक साखरपुडा झालेली जोडी होती त्यातली मुलगी क्रिकेटवेडीबरोबर आणि मुलगा माझ्याबरोबर. यादी ग्रुपवर टाकली आणि तासाभरात मला वेगवेगळे फोन यायला लागले. ग्रुपवर कुणी काहीच लिहिलं नाही हं, सगळे पर्सनल फोन.

पहिला फोन, त्या दोघांना एका खोलीत ठेवू नका, बरोबर दिसत नाही, लहान मुलं आहेत ट्रिपला. बरं. मग वेगळं करायचं तर डावखुऱ्याबरोबर कोण राहणार? ज्याचा फोन होता त्यालाच विचारलं. तो म्हणाला, नाही म्हणजे माझं काही नाही पण बायकोला आवडणार नाही. दुसऱ्याला विचारलं, तो म्हणाला, मला घोरायची सवय आहे. अरे तू अबूला पण घोरत होतास ना. तिसऱ्याने सरळ सांगितलं की मला झोप लागणार नाही. म्हणजे त्यांना एकत्र ठेवायचं नाही, आणि वेगळं ठेवलं तर त्यांच्याबरोबर कुणी राहायचं नाही. एक्सेलमध्ये हे बसत नाही. कुणीतरी सुचवलं की दोघांना दोन सिंगल खोल्या द्या आणि जादाचे पैसे त्यांनीच भरावेत. म्हणजे अडचण आपली आणि बिल त्यांचं.

मग कोर्टाच्या बाहेर पायऱ्यांवर मीटिंग झाली. दोघं आले नव्हते, आणि ते आले नाहीत हे बरंच झालं. तिथे एका काकांनी मुद्दा मांडला जो मला आजही या सगळ्यातला सगळ्यात विचार करण्यासारखा वाटतो कारण तो वरवर अगदी न्यायाचा आहे. ते म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा ठेवा, लग्न झालंय त्यांना एक खोली, नाही झालं त्यांना नाही. साखरपुड्याची जोडी पण वेगळीच राहतेय ना, ती तक्रार करत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

साखरपुड्यातली मुलगीच उठली. म्हणाली, काका, आमचं डिसेंबरात लग्न आहे, पुढच्या ट्रिपला आम्ही एका खोलीत येऊ, यांनी काय करायचं? तिचं म्हणणं बरोबर होतं. समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून सज्ञान माणसांचा संमतीचा संबंध सुप्रीम कोर्टाने बाहेर काढला ६ सप्टेंबर २०१८ ला, म्हणजे त्यांचं एकत्र राहणं गुन्हा नाही. पण समलैंगिक लग्नांवरच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात त्याच कोर्टाने सांगितलं की लग्नाचा मूलभूत हक्क असा नाही, कायदा करायचा तर संसदेने करावा. म्हणजे काकांचा नियम सगळ्यांना सारखा आहे, फक्त त्यातली अट काही जणांना कधीच पुरी करता येत नाही. रांगेत उभं राहा म्हणायचं आणि खिडकी उघडायचीच नाही, असं ते झालं.

आणि कायद्यानं बघितलं तर लग्नाचा दाखला ही हॉटेलची अट मुळात कायद्यात नाहीच. लग्न न झालेल्या सज्ञान जोडप्याने खोली घेऊ नये असा कुठलाही कायदा नाही, मद्रास हायकोर्टाने २०१९ मध्ये कोइंबतूरच्या एका प्रकरणात हे स्पष्ट म्हटलं होतं. ओळखपत्र लागतं, बस. बाकी सगळा हॉटेलवाल्यांचा आणि आपला रिवाज.

मीटिंगमध्ये आमचे सगळ्यात मोठे काका, अडुसष्ट वयाचे, बराच वेळ गप्प होते. लहानपणी दांडिया बाजारातल्या आखाड्यात मल्लखांब केलेला माणूस, अजून खांदे बघा त्यांचे. बडोद्यात जुम्मादादा, माणिकराव या व्यायामगुरूंची परंपरा माहीत नाही असं मराठी घर नसेल. ते म्हणाले, आम्ही लंगोटावर एकमेकांना तेल चोळायचो, खांबावरून उतरणाऱ्याला मिठीत झेलायचो, एकाच सतरंजीवर चौघं झोपायचो. कुणाच्या मनात काय आहे हे कोण विचारत होतं? त्यातला एखादा तसा असेलच की. काय बिघडलं आमचं? मला वाटलं आता काका बाजू घेणार. पण पुढचं वाक्य आलं, "पण मी म्हणतो, सांगायची काय गरज होती?"

हाच या प्रकरणाचा गाभा आहे असं माझं मत. आपल्याकडे पुरुषांनी पुरुषांच्या जवळ असण्याला जागाच जागा आहे. आखाडा, हॉस्टेल, लग्नघरातली गच्ची, ट्रेनचा एक बर्थ. सुरसागर तलावाच्या पाळीवर बघा, कामाटीबागेत बघा, मित्र एकमेकांच्या गळ्यात हात टाकून फिरतात. मुलगा-मुलगी तसे बसले तर वॉचमन शिट्टी मारतो. म्हणजे न बोलणाऱ्याला जेवढी मोकळीक आहे तेवढी साखरपुडा झालेल्या जोडीलाही नाही! अहमदाबादच्या एका पोळात, म्हणजे जुन्या वस्तीत, तर नवरात्रीच्या अष्टमीला पुरुष साड्या नेसून गरबा करतात, नवस म्हणून, आणि लोक हात जोडून बघतात. सगळं चालतं. ज्या क्षणी माणूस म्हणतो की हा माझा आहे, त्या क्षणी तीच सतरंजी, तोच डबल बेड, तोच टॉवेल वेगळा दिसायला लागतो.

आणि सांगायची काय गरज याला उत्तर असं की बाकीचे सगळे रोज सांगतच असतात. आमच्या कोर्टावर लग्नाच्या वाढदिवसाला केक कापतात. बायकोचा डीपी असतो. "आज घरी सासूबाई आल्यात, लवकर निघतो" हे काय आहे मग? लग्न झालेला माणूस आपलं घर दिवसभर खिशातून काढून दाखवत असतो, त्याला आपण सांगणं म्हणत नाही इतकंच. आणि डावखुऱ्याने तरी हौसेने कुठे सांगितलं, इंदूरच्या मुलीचा वेळ वाया जाऊ नये म्हणून सांगितलं.

काकांना मी हे तिथे बोललो नाही, इतकं नीट सुचलंही नव्हतं. तिथे फक्त एवढं ठरवलं की यादी मी बनवणारच नाही. एक फॉर्म टाकतो, प्रत्येकाने खासगीत लिहावं की कुणाबरोबर राहायचंय, दोघांनी एकमेकांचं नाव लिहिलं की खोली पक्की, ज्याचं जुळलं नाही त्याने सिंगलचे पैसे भरावेत, मग तो कुणीही असो. काही जणांना हे आवडलं नाही कारण आता नाही म्हणायचं तर स्वतःच्या नावाने म्हणावं लागणार होतं. एक कुटुंब ट्रिपमधून गळालं, मुलांच्या परीक्षा आहेत म्हणून. असतील.

केवडियाला हॉटेलात जे झालं ते बघण्यासारखं होतं. काउंटरवर डावखुरा आणि सीएने आपापली आधार कार्डं दिली, माणसाने मान वर न करता एक किल्ली पुढे केली. दोन पुरुष, एक खोली, प्रश्न शून्य. त्याच हॉटेलात साखरपुड्याची मुलगी आपल्या होणाऱ्या नवऱ्याच्या आणि माझ्या खोलीत पत्ते खेळायला आली तर दहा मिनिटांत दारावर टकटक, "सर, मॅडम कुठल्या रूमच्या?" ती इतकी चिडली की विचारू नका. रात्री जेवताना सीए तिला म्हणाला, तुमच्यापेक्षा आमचं बरं आहे. सगळे हसले. हसले हे महत्त्वाचं, महिन्याभरात पहिल्यांदा त्या विषयावर कुणी मोकळं हसलं.

पण दिवसभर मी दुसरंही बघत होतो. १८२ मीटरच्या पुतळ्याखाली गर्दी, त्यात कितीतरी मित्र हातात हात घालून चाललेले, गावाकडचे, कॉलेजचे, फोटो काढताना एकमेकांच्या मांडीवर बसलेले. आणि आमचे हे दोघं, जे खरोखरचं जोडपं, एकमेकांपासून हातभर लांब चालत होते. सीएने नंतर सांगितलं की अबूला आम्ही तिथल्या ‘नक्की’ नावाच्या तलावावर खांद्यावर हात टाकून फोटो काढला होता, तुम्हीच काढून दिला होतात, आता तसा काढला तर सगळे तो फोटो दुसऱ्या नजरेने बघणार. म्हणजे सांगून मोकळीक वाढली नाही, कमी झाली. फोटोवाले तिथे प्रत्येक जोडीच्या मागे लागतात, भैया भाभी एक फोटो, या दोघांना म्हणाले, दोनों दोस्त आ जाओ. दोघं गेले, मध्ये जागा सोडून उभे राहिले.

याच भागात, पुढे थोड्या अंतरावर राजपिपळा आहे. तिथल्या राजघराण्यातले मानवेंद्रसिंह गोहिल यांनी २००६ मध्ये गुजराती दैनिकातून उघडपणे सांगितलं की मी समलैंगिक आहे, तेव्हा गावात पुतळे जाळले, घरच्यांनी वर्तमानपत्रातून संबंध तोडल्याचं जाहीर केलं. त्याच माणसाने पुढे नर्मदाकाठच्या हनुमंतेश्वरच्या आपल्या वडिलोपार्जित जागेत घराबाहेर काढलेल्या लोकांसाठी आसरा उभा केला. राजघराण्याचा माणूस असून ही वेळ. डावखुऱ्याने बसमध्ये याचा विषय काढला होता, अर्ध्या बसने हेडफोन घातले.

बडोद्यापुरतं अजून एक सांगायला हवं. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे दुसऱ्या शहरांत जशी बार, पब वगैरे ठिकाणं असतात, जिथे कोण कुणाबरोबर आलंय हे कुणी विचारत नाही, तशी इथे जवळजवळ नाहीत. इथली मजा म्हणजे गरबा, पार्टी प्लॉट, बाग, फार्महाऊस, ट्रिप, खाणं. सगळं कुटुंबाच्या चौकटीत. आणि जिथे नाच आहे तिथे नियम उलटा होतो. ३१ डिसेंबरच्या डीजे पार्टीला पाटी असते, ओन्ली कपल एंट्री, स्टॅग नॉट अलाऊड. स्टॅग म्हणजे बाईशिवाय आलेला पुरुष. दोन पुरुष गेले तर दोन स्टॅग. म्हणजे लॉजवाला घाबरतो बाई-पुरुषाला आणि पार्टीवाला घाबरतो बाई नसलेल्या पुरुषाला. दोघांच्या हिशोबात हे दोघं जोडपं म्हणून कुठेच नाहीत, खोली मिळते ती मित्र म्हणून आणि दरवाजा बंद होतो तो स्टॅग म्हणून.

बायकांचं गणित वेगळं आहे, ते थोडक्यात लिहितो कारण या प्रकरणात ते कडेलाच होतं. काकू आणि नणंद एका बेडवर झोपल्या तर कुणी काही म्हणत नाही, पण खेळात मात्र मुलींवरच आधी संशय घेतात. आमच्या क्रिकेटवेडीला केस कापले म्हणून शाळेपासून ऐकावं लागलं. धावपटू द्युती चंदला २०१४ मध्ये शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनमुळे कॉमनवेल्थच्या टीममधून बाहेर काढलं, ती २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडून तो नियम स्थगित करून आणते, आणि २०१९ मध्ये जेव्हा सांगते की माझं एका मुलीवर प्रेम आहे तेव्हा घरातूनच विरोध होतो. पुरुष खेळाडू न बोलता वर्षानुवर्षं काढू शकतो, बाईने काही सांगण्याआधीच लोक ठरवून मोकळे.

परत कोर्टावर. ट्रिपपेक्षा जास्त त्रास तिथे झाला, चेंजिंग रूममध्ये. पूर्वी सगळे घामेजलेले टीशर्ट काढून गप्पा मारत बसायचे. आता लोक घरूनच कपडे घालून यायला लागले आणि तसेच ओले घरी जायला लागले. कुणी काही बोललं नाही. डावखुरा सगळे जाईपर्यंत बाहेर बाकावर शूजच्या नाड्या सोडत बसायचा. पॉइंट मारल्यावर पाठीवर थाप पडायची ती बंद झाली, रॅकेटला रॅकेट लावायला लागले.

हे सुटलं कसं? समजावून नाही, ते आधी सांगतो. काकूंनी दोघांना जेवायला बोलावलं, मी एकदोघांशी बोललो, त्याचा फारसा उपयोग झाला नाही. सुटलं ते मे महिन्यातल्या क्लबांच्या आपापसातल्या टूर्नामेंटमुळे. डबल्समध्ये डावखुरा नसेल तर आम्ही पहिल्याच राउंडला घरी. ज्याला झोप लागणार नव्हती तोच त्याचा जोडीदार म्हणून खेळला, कारण त्याला ट्रॉफी हवी होती. सेमीफायनलला तिसऱ्या गेममध्ये १९-१९ असताना डावखुऱ्याने क्रॉस स्मॅश मारला आणि या गृहस्थाने त्याला उचललंच. नंतर चेंजिंग रूममध्ये सगळे घुसले, नेहमीसारखे. याचं मला कौतुक वाटत नाही, ही गरज होती. सीए इतका चांगला खेळत नाही, त्याच्यासाठी असं काही झालं नाही, त्याच्या शेजारच्या हुकावर अजूनही कपडे टांगायला लोक कचरतात. म्हणजे उत्तम खेळणाऱ्याला माफी आणि बरा खेळणाऱ्याने थांबायचं, असा हिशोब असेल तर तो काही स्वीकारणं झालं नाही, ती भाड्याची जागा झाली, खेळ फॉर्मात आहे तोपर्यंत राहा.

डावखुऱ्यालाही ते कळतंच. त्याने आता संध्याकाळची दुसरी बॅच पकडलीय, मॅचला आमच्याकडूनच येतो, चहाला थांबतो, पण रोजचं येणं कमी झालंय. मोठ्या काकांना मी परवा विचारलं की अजून तुम्हाला वाटतं का सांगायला नको होतं. ते म्हणाले, सांगितलं नसतं तर रोज आला असता. त्यांचं हे म्हणणं खोटं नाही, आणि मला पटतही नाही.

फॉर्मची पद्धत मात्र टिकली. काकूंनी इंदूरच्या त्या स्थळाला दुसरा मुलगा शोधून दिला, साखरपुड्याला डावखुरा आणि सीए दोघांना जोडीने आमंत्रण होतं, पाकिटावर दोघांची नावं एकत्र लिहिलेली. पुढची ट्रिप परत सापुताऱ्याची आहे, फॉर्म उघडलाय, सीएने शेअरिंगच्या रकान्यात नाव भरलंय आणि डावखुऱ्याचं अजून आलेलं नाही, तो म्हणतो आधी कोण कोण येतंय ते कळू दे.